चाळीस वर्षांचा टीव्ही दुरुस्त झाला, सहा वर्षांचा का नाही?

आमच्या अमरावतीच्या घरी या दिवाळीत दोन टीव्ही बंद पडलेले होते. पहिला आजोबांचा. वीस इंची ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी कॅबिनेट, पुढे सरकणारं शटर. १९८० च्या दशकाच्या मध्यात घेतलेला आणि गेली पंचवीसेक वर्षं माळ्यावर पडून असलेला. दुसरा मीच पहिल्या नोकरीच्या पगारातून आईबाबांना घेऊन दिलेला स्मार्ट टीव्ही. वय वर्षं सहा.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. सुट्टी होती, हात शिवशिवत होते, म्हणून दोन्ही टीव्ही गाडीत टाकून दुरुस्तीला निघालो. आई म्हणाली, "तो जुना डब्बा कायले वागवत बसला? नव्याचं पाह्य आधी." महिनाभराने निकाल लागला तो उलटाच. जुना डब्बा आज आमच्या बैठकीत चालू आहे. नवा टीव्ही ई-कचऱ्याच्या वाटेवर आहे.

हे असं का झालं, याचं उत्तर "पूर्वीच्या वस्तू मजबूत होत्या" इतकं सोपं नाही. सध्या सरकारी पातळीवर राइट टू रिपेअर म्हणजे दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू आहे, आणि या दोन टीव्हींच्या गोष्टीत त्या चर्चेचा गाभा सापडतो. तर जरा सविस्तर बघू.

हा टीव्ही आमच्या घरी आला कसा?

भारतात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत. मुंबईला यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. पण वऱ्हाडातल्या माणसासाठी मुंबईचं प्रक्षेपण असून नसल्यासारखंच होतं, कारण टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात जातात. टॉवर जवळ नसेल तर अँटेना कितीही उंच बांधा, उपयोग नाही.

चित्र बदललं १९८२ नंतर. त्या वर्षी राष्ट्रीय प्रक्षेपण आणि रंगीत टीव्ही आला, दिल्लीत एशियाड झालं, आणि १९८४ च्या सुमारास देशभर छोटे, म्हणजे लो पॉवर ट्रान्समीटर उभारायची मोहीमच निघाली. त्या लाटेत छोट्या शहरांत टीव्ही पोचला. रंगीत सेट परवडत नव्हता, म्हणून आजोबांनी ब्लॅक अँड व्हाइट घेतला, तोही काही महिन्यांच्या पगाराइतक्या पैशांत. बाबा सांगतात, पडद्यावर निळा-तांबडा-हिरवा प्लास्टिकचा कागद लावला होता, म्हणजे तेवढाच "कलर". जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झाल्यावर रविवारी सकाळी आमच्या बैठकीत चपला ठेवायला जागा उरत नसे.

एवढी मोठी खरेदी होती म्हणूनच तो टीव्ही बिघडला तर फेकायचा, हा विचार कोणाच्या मनातही येत नसे. मेकॅनिक घरी यायचा, मागचं झाकण उघडायचा आणि पोरं भोवती गोळा व्हायची.

अकोल्याचे मेकॅनिक काका

अमरावतीत मी तीन-चार दुकानं फिरलो. "पिक्चर ट्यूबवाले आम्ही घेत नाही," हेच उत्तर. शेवटी अकोल्याच्या आत्याने सांगितलं, तिच्या घराजवळ एक जुने मेकॅनिक आहेत. अमरावती ते अकोला अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. याच पट्ट्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस विक्रम झाला होता, आठवत असेल. मूर्तिजापूरमार्गे दीड-दोन तासांत पोचलो.

काकांचं वय सत्तरीच्या आसपास. त्यांनी आधी दोन्ही टीव्हींची मागची झाकणं उघडली. जुन्या टीव्हीच्या झाकणाला आतून एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. कंपनीचं नाव असलेला कोपरा झुरळांनी खाल्ला होता, पण बाकी कागद शाबूत. त्यावर अख्खा सर्किट डायग्राम. कुठला रेझिस्टर किती ओहमचा, कुठल्या टोकाला किती व्होल्ट यायला हवेत, सगळं छापलेलं.

काका म्हणाले, "हा पाह्य नकाशा. याच्यात सगळं लेहून हाये. वाचता आलं पाह्यजे, बस."

पुढे त्यांनी जे केलं ते मी एखाद्या सिनियरने डीबगिंग करावं तसं बघत बसलो. क्रम असा होता.

आधी सुरक्षा. पिक्चर ट्यूबला दहा हजार व्होल्टच्या वर दाब लागतो आणि ट्यूब स्वतःच कपॅसिटरसारखी चार्ज धरून ठेवू शकते. शिवाय अशा बऱ्याच जुन्या सेटमध्ये चॅसिस थेट मेन्सशी जोडलेली असते. म्हणून आधी ट्यूब डिस्चार्ज करणं आणि मग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावूनच काम. (हे वाचून घरचा टीव्ही उघडायला जाऊ नका, खरंच. जीव जाऊ शकतो.)

मग सिरीज लॅम्प. टीव्ही थेट प्लगला न लावता मध्ये शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि टीव्ही वाचतो. आमचा बल्ब भसकन पेटला. काकांनी बोर्डावरचे चार-पाच मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढले. या कपॅसिटरच्या आतलं द्रावण वर्षानुवर्षांत सुकतं. बंद पडून असलेल्या जुन्या उपकरणात पहिला संशय त्यांच्यावरच घ्यायचा. त्याच क्षमतेचे नवे कपॅसिटर आजही दुकानात काही रुपयांना मिळतात.

तिसरी पायरी लाइन आउटपुट. पडद्यावर आडव्या रेषा काढणारा हा भाग सगळ्यात जास्त ताण सोसतो. इथला ट्रान्झिस्टर गेला होता. बीयू २०५ हा नंबर त्या काळात इतका सर्रास वापरात होता की काकांच्या डब्यात अजून दोन नग पडलेले होते. तो बदलला, बल्ब मंद झाला, आणि टीव्हीतून एक बारीक शिट्टी ऐकू आली. ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. ती शिट्टी त्याच वारंवारितेची. मला ऐकू येत होती, काकांना नाही. वयानुसार वरच्या पट्टीचा आवाज ऐकू येणं कमी होत जातं. त्यांनी मलाच विचारलं, "वाजून रायली काय रे?" मी हो म्हटलं आणि त्यांनी हसून ब्राइटनेस वाढवला. पडद्यावर मुंग्या आल्या.

शेवटी ट्यूनर. खटखट फिरणाऱ्या नॉबच्या आतल्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, त्या पुसून साफ केल्या. एवढंच.

कॅबिनेटचं काम

लाकडाचं काम अमरावतीतच झालं. आमचे ओळखीचे वाढई आहेत. त्यांनी कॅबिनेटवर बोट वाजवून सांगितलं, "हे पुरं सागवान नाही. आत प्लाय, वरून फक्त सागाची कातडी हाये." म्हणजे विनियर. मेळघाटच्या सागाच्या आणि परतवाड्याच्या लाकूड डेपोच्या इतक्या जवळ राहून आमच्या घरात इतकी वर्षं "सागवानी टीव्ही" म्हणून जे मिरवलं जात होतं, ते एवढंच होतं.

वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि मग एकदम पावसाळ्याची ओल. अशाने प्लायवरचं विनियर सुटतं, फुगतं. खालच्या बाजूने उदई लागलेली. वाढई काकांनी खराब तळ कापून नवा प्लाय बसवला, सुटलेल्या विनियरखाली फेविकॉल सोडून क्लॅम्पने दोन दिवस दाबून ठेवलं, आणि उडालेल्या जागी नव्या विनियरचे तुकडे रेषेला रेषा जुळवून लावले. मग घासकाम आणि चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश, कापडाच्या बोळ्याने, पातळ थरांत. शटरच्या पट्ट्या मागून कापडावर चिकटवलेल्या असतात, ते कापड कुजलं होतं. तिथे जाडं सुती कापड लावलं.

इथेही तीच गोष्ट लक्षात आली. स्क्रू साधे, सांधे दिसणारे, एकही भाग असा नाही की जो तोडल्याशिवाय निघत नाही.

टीव्ही चालू, पण दाखवणार कोण?

आता खरी गंमत. बाराही चॅनलवर नॉब फिरवला, सगळीकडे मुंग्याच. टीव्ही ठणठणीत होता, हवेत सिग्नल नव्हता.

प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केलं की जुने ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद करून मार्च २०२२ अखेर हे काम संपवायचं. सामरिक महत्त्वाच्या ठिकाणचे पन्नासेक तेवढे ठेवायचे. कारणं दोन दिली होती. ५जी सारख्या नव्या तंत्रज्ञानासाठी स्पेक्ट्रम मोकळा होतो आणि फारसं कोणी न बघणाऱ्या प्रक्षेपणावरचा खर्च वाचतो. निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. अँटेनावर दूरदर्शन बघणारं घर शोधून सापडत नव्हतं आणि डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा, आताची डीडी फ्री डिश, उपलब्ध आहेच.

मुद्दा पुढचा आहे. प्रक्षेपण बंद झालं तरी आमचा टीव्ही निकामी झाला नाही, कारण त्याला कुठल्या प्रकारचा सिग्नल लागतो हे जगजाहीर आहे. ६२५ रेषांची पद्धत, चॅनलची वारंवारिता, आवाजाची जागा, सगळं प्रमाणित. मी फ्री डिशच्या बॉक्सचं व्हिडिओ-ऑडिओ आउटपुट एका मॉड्युलेटरला दिलं. मॉड्युलेटर म्हणजे घरातल्या घरात एक चिमुकला ट्रान्समीटर. तो बॉक्सचं चित्र व्हीएचएफच्या चॅनल ४ वर चढवतो आणि वायरने टीव्हीला देतो. एका केबलवाल्याच्या अडगळीत तो मिळाला. गोल केबलवरून जुन्या चपट्या वायरवर यायला एक छोटा बलून लागला. रंगीत सिग्नल ब्लॅक अँड व्हाइट सेटवरही दिसावा, अशीच ती पद्धत मुळात आखलेली होती, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही.

नॉब चारवर आणला आणि बातम्या लागल्या. बाबा उठून टीव्हीजवळ गेले आणि काही न बोलता व्हर्टिकल होल्डचा नॉब किंचित फिरवून चित्र स्थिर केलं. हाताला अजून आठवत होतं.

आणि स्मार्ट टीव्हीचं काय झालं?

त्याची घसरण बोर्ड जळायच्या आधीच सुरू झाली होती. पाचव्या वर्षी एकेक ॲप "या डिव्हाइसवर चालणार नाही" सांगायला लागलं. पॅनल उत्तम, आवाज उत्तम, पण ऑपरेटिंग सिस्टिमला अपडेट बंद. असं होतं तेव्हा नुसतं नवीन फीचर मिळत नाही असं नाही. इंटरनेटवर सुरक्षित जोडणी करायला उपकरणाकडे विश्वासू सर्टिफिकेटची यादी लागते, आणि सर्टिफिकेटला एक्सपायरी असते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक जुनं, मोठ्या प्रमाणावर वापरलं जाणारं रूट सर्टिफिकेट संपलं आणि जगभर अपडेट न मिळालेली अनेक जुनी उपकरणं वेबसाइटशी जोडताना अडखळली. यंत्रात एकही भाग बिघडलेला नव्हता.

मग एका पावसाळ्यात वीज पडल्यावर मेन बोर्ड गेला. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवा घ्या. अकोल्याच्या काकांना मी विचारलं, बाजारात मिळणारा युनिव्हर्सल बोर्ड बसेल का? त्यांनी पॅनलचा नंबर बघितला, मी नेटवर तासभर शोधलं. पॅनलला कुठल्या पिनवर किती व्होल्ट लागतात याची खात्रीची माहिती मिळाली नाही. चुकीचा व्होल्टेज गेला तर पॅनलही जाणार, आणि टीव्हीच्या किमतीचा मोठा वाटा पॅनलचाच असतो. काका म्हणाले, "याले नकाशाच नाही बावा. आंधळ्यावानी कुठी कुठी हात घालू मी?"

हे वाक्य मला लागलं, कारण मी त्या दुसऱ्या बाजूला बसतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याच टीमने एका ॲपचा जुन्या व्हर्जनवरचा सपोर्ट बंद केला. मीटिंगमध्ये एक आलेख होता, त्यावर जुन्या उपकरणांचा वाटा लहान दिसत होता, टेस्टिंगचा वेळ वाचणार होता. मीही हो म्हटलं. त्या आलेखातल्या छोट्याशा पट्टीत आईबाबांच्या टीव्हीसारखेच टीव्ही होते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

कायदा कुठपर्यंत आलाय?

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं निवडली. २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर पोर्टल सुरू झालं. तिथे कंपन्यांनी मॅन्युअल, वॉरंटी, सर्व्हिस सेंटरची माहिती द्यायची. पुढे रिपेअरेबिलिटी इंडेक्सचा आराखडा करायला आणखी एक समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. वस्तू उघडायला किती सोपी, सुटे भाग मिळतात का, दुरुस्तीची माहिती, हत्यारं, सॉफ्टवेअर अपडेट, यांवरून गुण द्यायचे, अशी ती कल्पना. पण पहिला भर स्मार्टफोन आणि टॅब्लेटवर. टीव्ही त्यात नाही.

बाहेर काय चाललंय? फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून असे गुण वस्तूवर छापणं सक्तीचं केलं आणि पहिल्याच यादीत टीव्ही होता. जानेवारी २०२५ पासून तिथे टीव्हीसाठी त्याच्या पुढचा, टिकाऊपणाचा निर्देशांक लागू आहे. युरोपीय संघाचा नियम तर थेट आकड्यात बोलतो: मार्च २०२१ पासून टीव्हीचे ठरावीक सुटे भाग त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान ७ वर्षं, आणि फर्मवेअर किमान ८ वर्षं उपलब्ध ठेवायचं. हा नियम आपल्याकडे असता तर आमचा सहा वर्षांचा टीव्ही त्याच्या आतच बसला असता.

दुसरी बाजू ई-कचऱ्याची. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टीव्ही येतो. उत्पादकावर रिसायकलिंगचं लक्ष्य आहे: आधी ६० टक्के, २०२५-२६ पासून ७०, २०२७-२८ पासून ८०. नूतनीकरण करणाऱ्यांनाही नियमांत जागा आहे, पण नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर. एका बोळीत एकटे बसणारे काका त्या चौकटीत कुठेच बसत नाहीत. म्हणजे वस्तू तोडून धातू काढण्याचा हिशेब कागदावर मोजला जातो. तीच वस्तू दहा वर्षं जास्त चालवणारा माणूस मोजला जात नाही.

मग मागायचं काय?

जुन्या टीव्हीचं मला उगाच कौतुक करायचं नाही. तो वीज जास्त खातो, वजनाला दोन माणसं लागतात, ट्यूबच्या काचेत शिसं असतं, आणि त्याच्या काळात तो सारखा बिघडायचाही. आजचा टीव्ही पगाराच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे, म्हणून दुरुस्तीपेक्षा नवा घेणं परवडतं, हेही खरं. कंपन्या सुरक्षेचा मुद्दा मांडतात, तोही पोकळ नाही. सिरीज लॅम्पशिवाय कोणी टीव्ही उघडू नये हे मी वर लिहिलंच आहे.

पण आमच्या दोन टीव्हींमध्ये निर्णायक फरक मजबुतीचा नव्हता. दोन्ही बिघडले. एकाबरोबर माहिती आली होती, दुसऱ्याबरोबर नाही. त्यामुळे इंडेक्समध्ये टीव्ही लवकर यावा, आणि नुसत्या गुणांवर न थांबता तीन गोष्टी सक्तीच्या व्हाव्यात असं मला वाटतं. एक, सर्किट आणि पॅनलची माहिती स्वतंत्र मेकॅनिकलाही खुली. दोन, अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळणार ते खोक्यावर छापलेलं, जसं औषधावर असतं. तीन, सपोर्ट संपला तरी टीव्ही साधा पडदा म्हणून चालत राहिला पाहिजे आणि त्याचा फर्मवेअर डाउनलोडला मिळाला पाहिजे. तिसरी गोष्ट आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या हातात कायद्याआधीही आहे.

तोपर्यंत तुम्ही टीव्ही घेताना दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा: अपडेट किती वर्षं आणि मेन बोर्ड किती वर्षं मिळेल? उत्तर लेखी मागा. आणि शक्य असेल तर स्मार्टपणा वेगळ्या स्टिकमध्ये ठेवा. स्टिक जुनी झाली तर स्टिकच बदलेल, पडदा नाही.

काकांनी दुरुस्तीचे सगळे मिळून नऊशे रुपये घेतले. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे, हे काम पुढे कोणी करणार नाही. निघताना मी त्या पिवळ्या कागदाचा फोटो काढून घेतला. काकांनी मूळ कागद परत झाकणाच्या आत चिकटवला आणि कोपऱ्यात पेनाने कुठले पार्ट बदलले ते तारखेसह लिहिलं. पुढच्या माणसाला लागेल म्हणून.